उंची मोजा, पण वयही लक्षात ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की उंचीनुसार रांगा लागतात आणि दरवर्षी सर्वांत पुढे उभ्या राहणाऱ्या मुलाला वर्षभर पुरेल असे टोपणनाव मिळते. कमी उंचीच्या मुलांविषयी आपल्याकडे बोलणे होते ते बहुधा औषधे आणि टॉनिकांचे. त्यांच्या मनाकडे मी, एक निवृत्त शिक्षिका, लक्ष वेधू इच्छिते.

या मुलांना चिडवले जाते हे सर्वांना दिसते. मात्र मोठी माणसेही त्यांना वयापेक्षा लहान समजून वागवतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. आठवीतल्या मुलाला पाहुणे ‘काय रे बाळ, चौथीत का?’ असे विचारतात, वर्गाची जबाबदारी त्याच्यावर सोपवली जात नाही, स्नेहसंमेलनात त्याच्या वाट्याला ससाच येतो आणि मैदानावर तो कायमचा लिंबूटिंबू ठरतो. अशा वागणुकीने काही मुले खरोखरच लहानासारखी वागू लागतात, काही विदूषक होतात, काही अबोल.

अर्थात, उंची कमी म्हणजे मन खचलेलेच, असे समजणेही चूक आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मैत्री आणि लोकप्रियतेवर उंचीचा परिणाम नगण्य आढळला. त्यामुळे ‘उंची वाढली की आत्मविश्वास येईल’ एवढ्याच आशेवर वाढ-संप्रेरकाची महागडी इंजेक्शने सुरू करण्याआधी पालकांनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. त्या संप्रेरकाची खरोखर कमतरता असलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. (उंची वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने मनाई आहे, तरी त्या मोबाइलवर सर्रास दिसतात आणि पालकांआधी मुलेच त्या पाहतात.)

चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढते. ही वाढ ४ सेंमीहून कमी असेल, तर थायरॉइडची कमतरता, गव्हाचे पदार्थ न सोसणारा सीलिअॅक आजार किंवा मुलींमधील टर्नर सिंड्रोम हा जन्मजात गुणसूत्रदोष यांपैकी काही आहे का, हे बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. पुष्कळदा घराण्याचीच उंची बेताची असते किंवा मूल उशिरा वयात येणार असते, आणि हे मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय (म्हणजे हाडांची वाढ कोणत्या वयाइतकी झाली आहे ते) पाहून त्याला नीट समजावून सांगितले, तर त्याच्या मनावरचा बराच भार हलका होतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांमध्ये तपासणीसाठी येतात. तेव्हा उंचीचा आकडा सगळ्या वर्गासमोर पुकारू नये आणि तो मागील वर्षीच्या नोंदीशी ताडून पालकांना लेखी कळवावा, अशी माझी शिक्षण व आरोग्य विभागांना विनंती आहे. आणि प्रार्थनेची रांग हजेरी क्रमांकाने लावायला तर कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली