हॅम्बुर्गच्या त्या रात्रीपासून

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठात बसून ईश्वराचा अभ्यास करणाऱ्यांना त्याची गरज तरी कधी पडते का, हा तुझ्या पत्रातला प्रश्न खवचट असला तरी वाजवी आहे. त्याचे उत्तर म्हणून युर्गेन मोल्टमान या जर्मन ख्रिस्ती विचारवंताविषयी लिहितो; ईश्वरविज्ञान, म्हणजे ईश्वर आणि श्रद्धा यांचा पद्धतशीर अभ्यास, हा त्यांचा विषय.

तू गणिताचा माणूस. मोल्टमानही तेच होणार होते. 1926 साली हॅम्बुर्गमधील ज्या घरात ते जन्मले, तिथे धर्माचे फारसे वातावरण नव्हते आणि मुलाचे दैवत होते आइन्स्टाइन. जुलै 1943 मध्ये ब्रिटिश विमानांनी ते शहर जाळले, तेव्हा हा 17 वर्षांचा मुलगा विमानविरोधी तोफेवर नेमलेला होता. शेजारी उभा असलेला मित्र बॉम्बने छिन्नविच्छिन्न झाला आणि मोल्टमान मात्र बचावले. त्या रात्री त्यांनी देवाला पहिल्यांदा हाक मारली, तीही 'तू आहेस कुठे?' अशी. मी का वाचलो, हा दुसरा प्रश्न मग जन्मभर पाठीशी राहिला.

1945 मध्ये ते ब्रिटिशांच्या हाती लागले. स्कॉटलंडमधील छावणीत बेल्सन या नाझी छळछावणीची छायाचित्रे कैद्यांपुढे लावली गेली, आणि आपण कोणासाठी लढत होतो हे त्यांना उमगले. लष्करातील पाळकाने (ख्रिस्ती धर्मोपदेशकाने) दिलेल्या बायबलमध्ये त्यांनी एकोणचाळिसावे स्तोत्र वाचले आणि पुढे मार्कच्या शुभवर्तमानात येशूचा आक्रोश वाचला: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' आपले दुःख जाणणारा कोणीतरी इथे आहे, असे त्यांना वाटले. नॉटिंगहॅमजवळच्या नॉर्टन छावणीत वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या मदतीने कैद्यांसाठी ईश्वरविज्ञानाचे वर्ग चालत. त्यांचे शिक्षण सुरू झाले ते तिथे, काटेरी तारांच्या आत.

पुढची नोकरीपेशाची हकीकत थोडक्यात सांगतो. गॉटिंगेनला 1952 मध्ये डॉक्टरेट आणि त्याच वर्षी एलिझाबेथ वेंडेल यांच्याशी विवाह (त्यांनी डॉक्टरेट आधीच मिळवली होती, हे सांगितलेच पाहिजे). ब्रेमेनजवळच्या शेतकरी वस्तीत पाळक. मग वुपर्टाल, बॉन आणि 1967 ते 1994 ट्युबिंगेन. वुपर्टालच्या काळात स्वित्झर्लंडमध्ये सुटीवर असताना, एर्न्स्ट ब्लोख या निरीश्वरवादी मार्क्सवादी तत्त्ववेत्त्याचा आशेवरील ग्रंथ वाचण्यात ते इतके गढले की, समोरचे डोंगर पाहायचेच राहून गेले. त्या वाचनातून 1964 मध्ये 'आशेचे ईश्वरविज्ञान' आले. ख्रिस्ताचे पुनरुत्थान ही ईश्वराने जगाला दिलेली हमी आहे, म्हणून विश्वासणारा आजच्या अन्यायाशी जुळवून घेऊ शकत नाही, असे त्यांनी त्यात मांडले.

मला मात्र 1972 चा 'क्रुसावरील देव' अधिक महत्त्वाचा वाटतो. ईश्वराला वेदना शिवत नाहीत, हे शतकानुशतकांचे मत त्यांनी नाकारले: क्रुसावर पुत्र मरण सोसतो, तर पिता पुत्राच्या मरणाचे दुःख सोसतो. पुत्राला मरणाच्या हवाली करणारा हा पिता क्रूरच ठरतो, असा आक्षेप डोरोथी झोले या जर्मन ईश्वरविज्ञान-अभ्यासक स्त्रीने घेतला, आणि तो पुरता खोडला गेला आहे असे मला वाटत नाही.

16 नोव्हेंबर 1989 रोजी मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोर येथील विद्यापीठात सैनिकांनी जेझुइट या कॅथलिक संघाचे 6 धर्मगुरू आणि 2 स्त्रियांना ठार केले. एक प्रेत खोलीत ओढून नेताना कपाटातले एक पुस्तक रक्तात पडले, ते 'क्रुसावरील देव' हेच होते. पुढे मोल्टमान तिथे गेले, तेव्हा काचेआड ठेवलेली ती प्रत त्यांनी पाहिली. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मृत्युदंड झालेल्या केली गिसेंडानर यांनी तुरुंगातच ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यांच्याशी मोल्टमान पत्रव्यवहार करीत, आणि 2011 च्या पदवीदान समारंभासाठी 85 वर्षांचे हे प्राध्यापक त्या तुरुंगात हजर होते. 2015 मध्ये केली यांची शिक्षा अमलात आली. मोल्टमान 3 जून 2024 रोजी ट्युबिंगेनमध्ये वारले.

'क्रुसावरील देव' पाठवीत आहे. आधीची प्रकरणे जड आहेत, तेव्हा सरळ सहाव्यापासून वाचायला घे आणि पटले नाही तर नेहमीसारखे सविस्तर भांड.

तुझा,
जुना मित्र