बकरीनं वाचलेला अर्ज

नागपूर
गुरुवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय चिऊ,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसलो. रविवारी विदर्भ एक्स्प्रेस सुटताना तू दारातून हात केलास तो आईला की मला, यावर घरी येईपर्यंत आमचं बोलणं चाललं होतं. आई म्हणते दोघांना. डबा टेबलावरच राहिला होता. रात्री आम्ही दोघांनी तोच उघडून खाल्ला. भरली वांगी छान झाली होती, तुझ्या तोंडी नाही लागली.

तुझ्या झोपेबद्दल काही विचारणार नाही, असं आईला कबूल केलं आहे. तेव्हा सिनेमाबद्दलच लिहितो, तू काढते आहेस त्या डॉक्युमेंटरीबद्दल.

पहिली गोष्ट. "असल्या डॉक्युमेंटऱ्या बघतं कोण?" असं मी शनिवारी रात्री म्हणालो, ते शब्द मागे घेतो. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं, तुझ्या आजोबांच्या मुलानं तसं म्हणायला नको होतं. आजोबांच्या टॉकीजमध्ये मेन पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची रीळ लागायची. 1948 साली सरकारनं हे खातं काढलं आणि पुढे कित्येक वर्षं थिएटरवाल्यांना त्यांची रीळ दाखवणं बंधनकारक होतं. पब्लिक तोवर बाहेर पानठेल्यावर. मॅनेजर ओरडायचा, अर्धी उडवा, शो लेट होऊन राहिला. आजोबांनी एकदाही उडवली नाही. केबिनमध्ये दोन मशिनी, कार्बनच्या कांड्या जळल्याचा वास, आजोबांचं बनियन घामानं पाठीला चिकटलेलं. मला स्टुलावर उभं करून भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून पाहायला लावायचे. मेन पिक्चर लागलं की माझं काम एकच. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की "आला!" म्हणायचं. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू, दुसऱ्या ठिपक्याला पिक्चर तिकडे. एक ठिपका चुकला की पडदा पांढरा आणि खालून शिट्ट्या.

त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर मी धरणं पाहिली, विणकर पाहिले, दुष्काळ पाहिला. एका पुराच्या रिळेत छातीभर पाण्यात उभा असलेला एक म्हातारा होता. डोक्यावर कोंबडी बसलेली, आणि तो अगदी गंभीर चेहऱ्यानं कॅमेऱ्याकडे बघत होता. थिएटरात होते नव्हते ते आठ-दहा जण हसले. मग एकदम गप्प झाले. ते गप्प होणं मला आजही ऐकू येतं. आधी हसलो म्हणून तो म्हातारा आपला झाला होता आणि आपला झाला म्हणून त्याच्या छातीचं पाणी आमच्याही छातीपर्यंत आलं.

म्हणून तुझ्या त्या बकरीसाठी मी इतका अडून बसलो, चिऊ. मला सगळीकडे विनोदच दिसतो असं नाही.

तू सिनेमाचा रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, दाखवलास तेव्हापासून तो प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नाही. यवतमाळकडची ती बाई अंगणात बसली आहे. शेतकरी नवरा आत्महत्या करून गेला त्याला दोन वर्षं झाली, सरकारी मदतीसाठी प्रकरण 'अपात्र' ठरलं, एक लाखाची मदत मिळाली नाही. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. ती सातबारा दाखवते, मग अर्जाची प्रत काढते, आणि मागून बकरी येऊन तो कागद ओढते. कोपरा फाटतो, बकरी चावायला लागते. बाई कागद ओढता ओढता म्हणते, "सायबानं नाई वाचला, बकरीनं तरी वाचला माया अर्ज." आणि हसते. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसते. मग एकाएकी थांबते आणि तुझ्याकडे असं बघते जशी काही चोरी करताना सापडली.

आणि तू तेवढंच कापलंस. म्हणालीस, बाबा, लोक म्हणतील हिला कुठं दुःख आहे, ही तर हसून राहिली. कमिटीवाल्यांना चालणार नाही.

बेटा, तुझी भीती खोटी नाही. असे लोक असतात. विधवेनं किती वर्षं हसायचं नाही हे ठरवणारे लोक आपल्या घरातही होते, बेबीआत्यानं ते सोसलं आहे. पण त्या बाईच्या अख्ख्या बोलण्यात सरकारवर याहून मोठा घाव कुठला आहे? चाळीस मिनिटं रडून जे सांगता येणार नाही ते तिनं एका वाक्यात सांगितलं. आणि ते तिचं स्वतःचं वाक्य आहे, तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही.

नानूकची गोष्ट तूच मला सांगितली होतीस. 1922 सालचा फ्लाहर्टीचा सिनेमा, बर्फात राहणाऱ्या एस्किमो कुटुंबावरचा. इग्लूच्या आत कॅमेऱ्यापुरता उजेड येत नव्हता म्हणून त्यानं एका बाजूनं उघडा इग्लू बांधून घेतला, आणि ते कुटुंब उघड्या थंडीत झोपल्याचं सोंग करत होतं. ती माणसं तोवर बंदुका वापरायला लागली होती, तरी त्यांच्या हाती जुने भालेच दिले. तू केवढी चिडली होतीस, ही फसवणूक आहे म्हणून! मग आता सांग. त्यानं उजेडासाठी अर्धं घर कापलं, तू अंधारासाठी त्या बाईचं हसू कापलंस. यात फरक काय?

हे वाक्य शनिवारीही असंच बोललो होतो आणि तू उठून आत गेलीस. आज परत लिहिलं गेलं. माफ कर. फरक आहे, मला कळतो. तू तिला वाचवायला कापलंस. तिच्या अंगणात आठ दिवस तू बसलीस, मी नाही.

पण इथवर आलो तर आता खरं सांगतो. शनिवारी मी बकरीवरून भांडत नव्हतो. संध्याकाळी तुझ्या बॅगेत चार्जर ठेवायला गेलो तर बाजूच्या कप्प्यात गोळ्यांची पट्टी होती. दहाची पट्टी, चार खाल्लेल्या. नाव वाचलं. ते नाव मला पाठ आहे, आत्याच्या उशाशी तीन वर्षं तेच होतं. मी चेन लावली आणि बाहेर येऊन तुझ्याशी बकरीवरून भांडलो. आईला अजून सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी दिल्या आहेत का? चिठ्ठी आहे का? एवढंच विचारतो आणि विषय सोडतो.

विनोदी सिनेमांबद्दल माझं म्हणणं तू कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीस, म्हणून लिहितो. तुला वाटतं बाबांना हसायला आवडतं म्हणून बाबा ते सिनेमे बघतात. 'जाने भी दो यारो' मी 1983 साली पाहिला, तेव्हा वीस वर्षांचा होतो. हॉल जवळजवळ रिकामा. महाभारताच्या प्रवेशात पोट धरून हसलो. आणि शेवटी ती दोन भली पोरं कैद्यांच्या कपड्यांत रस्त्यानं चालत येतात आणि आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात. बाहेर आलो तर बर्डीवर तीच गर्दी, तेच रिक्षावाले, आणि मला वाटलं आपल्याला कोणीतरी भर चौकात कानाखाली मारली. कोसळलेल्या पुलाची बातमी वाचली की मला अजून तो शेवट आठवतो. कुठल्या गंभीर सिनेमानं माझ्यात इतकी वर्षं मुक्काम केला नाही.

चॅप्लिन 'गोल्ड रश'मध्ये बूट शिजवून खातो, खिळे हाडांसारखे चोखतो. तो प्रसंग त्याला कुठून सुचला? बर्फात अडकून उपाशी मेलेल्या, एकमेकांची प्रेतं खायची पाळी आलेल्या खऱ्या माणसांची हकीकत त्यानं वाचली होती. 1925 साली त्यातून ही कॉमेडी निघाली. सेटवरचा बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता, पण भूक खरी आहे. ती पडद्यावर दिसते.

आणि मालेगाव! मालेगाववाली डॉक्युमेंटरी आपण दोघांनी दिवाणावर बसून पाहिली होती, तू बारावीत होतीस. यंत्रमागावर राबणारी माणसं स्वतःचा सुपरमॅन बनवतात. फैजा अहमद खान या बाईनं किती मायेनं टिपलं आहे ते सगळं. सुपरमॅन झालेला तो काडीपैलवान शफीक, निळ्या-लाल कपड्यांत. आपण हसून हसून लोळलो. मग तू इंटरनेटवर शोधलंस आणि तो कॅन्सरनं गेल्याचं कळलं. तू रात्री माझ्या खोलीत आलीस आणि म्हणालीस, बाबा, मला असं काहीतरी करायचं आहे. मी त्या दिवशी हो म्हणालो होतो. नंतर तुला इंजिनिअरिंगला पाठवलं ते चुकलंच, पण हो म्हणालो होतो हे तुझ्या लक्षात आहे ना? तो सिनेमा डॉक्युमेंटरी आहे की कॉमेडी, हे मला सांगता येत नाही. चांगल्या सिनेमाबद्दल ते सांगता येऊ नयेच.

त्याच शनिवारी सकाळी आपण इतवारीत मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला गेलो होतो. बारीक पाऊस, कॅमेऱ्यावर माझा गमछा धरलेला. इडा पिडा, रोगराई घेऊन जाय वो मारबत म्हणून सगळी गल्ली ओरडत होती आणि मागून बडग्यांचे पुतळे, महागाईवर, खड्ड्यांवर, पुढाऱ्यांवर. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आपलं गाव आपली दुखणी अशी वेशीबाहेर नेतं आणि जाळतं. एका बडग्यावरची पाटी वाचून तू इतकी हसलीस की फ्रेम हलली. आठ दिवसांत तुला हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं, म्हणून लक्षात राहिलं. डोळ्यांखाली काळं दिसत होतं. रात्री तुझ्या खोलीत चार वाजता दिवा होता, हेडफोन लावून त्या बायकांचं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकत होतीस. तुझी रूममेट आईला म्हणाली की तिकडेही रोज असंच.

विषय सोडतो म्हणालो आणि सोडला नाही. फाळक्यांचं सांगतो आणि मग खरंच सोडतो. 'हरिश्चंद्र' काढायच्या आधी दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना एकेक फ्रेम करत टिपला. भांडवल देणाऱ्यांना दाखवायला. म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवात एका वाटाण्याच्या डॉक्युमेंटरीनं झाली. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली. हे सगळे सांगतात. सतत सिनेमे बघून आणि जागरणं करून फाळक्यांचे डोळे काही काळ गेले होते, हे कोणी मुलांना सांगत नाही. मी सांगतो. डोळे गेले होते, चिऊ.

आनंद पटवर्धनांना 'जय भीम कॉम्रेड' ही डॉक्युमेंटरी करायला चौदा वर्षं लागली, असं तू अभिमानानं सांगतेस. मलाही अभिमान वाटतो. पण मी मनात हिशेब करतो. चौदा वर्षांनी तू एकेचाळीस वर्षांची असशील आणि मी शहात्तर. तेवढी वर्षं काम करायचं तर शरीर लागतं. त्या बायकांचं रडणं रात्रभर कानात घेऊन कोणी चौदा वर्षं टिकत नाही. तुझी आत्या फक्त एका माणसाचं ऐकत होती, तरी टिकली नाही.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे.

पैशांचं सांगायचं राहिलं. आईनं पाटल्या काढून कपाटात वेगळ्या ठेवल्या आहेत. मी म्हटलं अजून लागणार नाहीत, तर म्हणाली, तिनं मागायच्या आधी तयार असाव्या. दादानंही विचारलं, हार्ड डिस्क केवढ्याची येते. कोणी काही बोलत नाही, पण घरात सगळे तुझ्याच सिनेमाचं करून राहिले. शेजारच्या काकूंना आई काय सांगत होती माहीत आहे? "आमची पोट्टी खऱ्या माणसांचे पिक्चर काढते."

बकरी ठेव किंवा काढ. सिनेमा तुझा आहे, आणि त्या बाईला तू शब्द दिला आहेस, मी नाही. जमलं तर एकदा तिलाच विचार, हे हसणं ठेवू का म्हणून. तिचं उत्तर आलं की मग मी एक अक्षर बोलणार नाही.

पण त्या पट्टीत शनिवारी सहा गोळ्या उरल्या होत्या. आज किती आहेत ते मोज आणि फोन करून सांग. रात्री कितीही वाजता कर. मी जागाच असतो.

तुझा
बाबा

ता. क. सोबत चिवडा आणि संत्राबर्फी आहे. बर्फी आधी संपव, पावसाळी हवेत टिकत नाही. रूममेटलाही दे. आईला गोळ्यांचं सांगू की नको, तेही फोनवर बोलू.