फायरफॉक्स जड झालाय? आधी ओझं उतरव

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला. चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क, वर विंडोज 10 आणि त्यात फायरफॉक्स ब्राउझर. टॅब बदलला की पंखा घोंघावतो, टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटतात. यावर इलाज आहे. फक्त तू सोबत पाठवलेली ती ‘फायरफॉक्स दसपट वेगवान करा’ छापाची यादी वापरू नकोस. तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी आता अस्तित्वातच नाहीत आणि उरलेल्यांतल्या काही अंगाशी येतात. का ते सांगतो, म्हणजे पुढे अशी यादी समोर आली तर तुझं तुलाच पारखता येईल.

यादीत पहिलं नाव आहे पाइपलायनिंगचं. ही युक्ती फायरफॉक्सच्या अगदी सुरुवातीच्या काळातली, 1.0 आवृत्ती आली नोव्हेंबर 2004 मध्ये. तेव्हा ब्राउझर सर्व्हरकडे एका जोडणीवर एक मागणी पाठवायचा, तिचं उत्तर आलं की पुढची. पाइपलायनिंग म्हणजे उत्तराची वाट न बघता मागण्या एकामागून एक पाठवून द्यायच्या. कल्पना चांगली होती, पण कित्येक सर्व्हर आणि मधले प्रॉक्सी (वाटेतले मध्यस्थ सर्व्हर) ती नीट हाताळत नसत, आणि पहिलंच उत्तर अडकलं की मागची सगळी खोळंबत. 2015 मध्ये ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या देवाणघेवाणीचं एचटीटीपी/2 हे प्रमाण आलं. त्यात एकाच जोडणीवर अनेक मागण्या आणि उत्तरं तुकड्यातुकड्यांनी एकमेकांत मिसळून जातात, त्यामुळे पाइपलायनिंगची गरजच संपली. 2017 च्या 54 व्या आवृत्तीत फायरफॉक्सने तो कोड काढूनही टाकला. तरी याद्या फिरतायत, कारण अबाउट:कॉन्फिगमध्ये (फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जचं पान, अ‍ॅड्रेस बारमध्ये हे नाव रोमन अक्षरांत टाकलं की उघडतं) तू कुठलंही नाव टाकून नवी नोंद करू शकतोस. चूक म्हणून काही दिसत नाही, नोंद ठळक अक्षरांत झळकते, आणि आत ती वाचणारं कुणीच नसतं.

दुसरी सूचना एका सर्व्हरशी होणाऱ्या जोडण्यांची संख्या 6 वरून 30 करायची. एचटीटीपी/2 वर चालणाऱ्या साइटला याचा काही उपयोग नाही, तिथे मुळात एकच जोडणी असते. जुन्या सर्व्हरवर मात्र इतक्या जोडण्या एकदम उघडल्यास की तो तुला उपद्रवी समजून अडवूही शकतो. तिसरी सूचना पान चितारायच्या आधीचा थांबा शून्य करायची. तो थांबा एके काळी 250 मिलिसेकंद होता. तो शून्य केला की पानाचा पहिला तुकडा लवकर दिसायचा खरा, पण नवा मजकूर येईल तशी मांडणी पुन्हा पुन्हा करावी लागायची आणि पूर्ण पान उलट उशिरा तयार व्हायचं. कमजोर प्रोसेसरला तर ते फारच महागात पडायचं.

तेव्हा आकड्यांशी खेळणं सोड. ब्राउझरला कमी काम करायला लावलं की तो पळतो. आणि कुठलं काम जास्त आहे हे आधी बघायला हवं.

त्यासाठी शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाब. प्रोसेस मॅनेजरचं पान उघडेल (अ‍ॅड्रेस बारमध्ये रोमन अक्षरांत अबाउट:प्रोसेसेस टाकलंस तरी तेच येतं). मेमरीच्या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक कर, म्हणजे जास्त खाणारे वर येतील. मग सीपीयूच्या रकान्यावर क्लिक कर आणि अर्धा मिनिट नुसतं बघत राहा, काही उघडू नकोस. तू हात लावत नसताना जी ओळ सतत सीपीयू घेतेय, तीच पंखा फिरवतेय. बहुतेक वेळा ती एखाद्या बातम्यांच्या साइटची निघते, जिथे जाहिराती दर काही सेकंदांनी बदलतात, किंवा मागे उघडा राहिलेला एखादा व्हिडिओ निघतो. ओळीच्या टोकाच्या फुलीवर क्लिक केलंस की ते तिथल्या तिथे बंद होतं. एक्स्टेन्शनांची, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमांची, स्वतंत्र ओळ असते, तीही उघडून बघ.

आता एक्स्टेन्शन. अ‍ॅड-ऑन्सच्या पानावर जा आणि प्रत्येकाच्या परवानग्या वाच. ज्याला ‘सर्व वेबसाइटवरील माहिती’ बघायची मुभा आहे, ते उघडलेल्या प्रत्येक पानात आपला कोड घुसवू शकतं. कूपन शोधणारं, स्क्रीनशॉट काढणारं, शब्दार्थ दाखवणारं, पीडीएफ बनवणारं अशी सहा-सात झाली की प्रत्येक टॅब जड होतो. महिनाभर ज्याला हात लागला नाही ते बंद नको करूस, काढूनच टाक. स्क्रीनशॉट तर फायरफॉक्सला आपला आपण काढता येतो. पानावर राइट-क्लिक केलंस की पर्याय दिसतो.

एक मात्र नक्की ठेव: यूब्लॉक ओरिजिन, हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन. वेगासाठी एकच गोष्ट कर म्हटलंस तर मी हीच सांगेन. जाहिरात नुसती लपवणं वेगळं आणि तिची मागणीच न पाठवणं वेगळं. मागणीच गेली नाही की डेटा उतरत नाही, स्क्रिप्ट वाचावी लागत नाही, चालवावी लागत नाही, आणि तिने पुढे बोलावलेल्या आणखी दहा स्क्रिप्टही येत नाहीत. पडताळून बघायचं असेल तर कंट्रोल-शिफ्ट-ई दाबून नेटवर्कचा भाग उघड आणि एखाद्या मराठी वर्तमानपत्राची साइट लोड कर. खालच्या पट्टीत एकूण मागण्या किती, डेटा किती उतरला आणि वेळ किती लागला ते येतं. एकदा यूब्लॉक चालू ठेवून आणि एकदा त्या साइटपुरता बंद करून बघ, दोन्ही वेळा कंट्रोल-एफ5 ने, म्हणजे साठवलेल्या प्रतीमुळे फसगत होणार नाही. त्याच्या जोडीला दुसरा जाहिरात-रोधक ठेवू नकोस. दोघे एकच काम दोनदा करतात आणि एखादी साइट बिघडली की कुणामुळे ते कळत नाही. काय अडवायचं ते सांगणाऱ्या त्याच्या मूळच्या याद्या पुरेशा आहेत, दिसतील त्या सगळ्यांवर टिक करत सुटू नकोस. बँकेचं किंवा तिकीट आरक्षणाचं पान अडकलं तर यूब्लॉकच्या चिन्हावर क्लिक करून मोठं पॉवरचं बटण दाब आणि पान रिफ्रेश कर. तेवढ्या साइटपुरतं ते बंद होतं. (वहिनी क्रोम वापरतात ना? त्यांच्याकडे मूळ यूब्लॉक आता चालत नाही, त्याची लाइट आवृत्ती घ्यावी लागेल. तीही बरीच कामाची आहे.)

तू म्हणतोस सुरू व्हायलाच खूप वेळ लागतो. मागचे टॅब परत उघडायचं सेटिंग असलं तरी फायरफॉक्स ते सगळे लगेच लोड करत नाही. ज्यावर क्लिक करशील तोच लोड होतो. पिन केलेल्या टॅबांना मात्र ही सवलत नाही, ते सुरू होतानाच सगळे लोड होतात. व्हॉट्सअ‍ॅप वेब, जीमेल, कॅलेंडर, शेअरबाजाराचा तक्ता असं सगळं पिन करून ठेवलं असशील तर सकाळी सकाळी चार जड अ‍ॅप तुझ्या हार्ड डिस्कवर एकदम चालून जातात. दोनच ठेव. नाहीतर अबाउट:कॉन्फिगमध्ये ‘रिस्टोअर_पिन्ड_टॅब्स_ऑन_डिमांड’ शोध आणि ट्रू कर, मग पिन केलेलेही क्लिक केल्यावरच उठतील.

टॅब बंद न करता त्याची मेमरी सोडवता येते. 140 व्या आवृत्तीपासून टॅबवर राइट-क्लिक केलं की ‘अनलोड टॅब’ असा पर्याय मिळतो. टॅब पट्टीवर राहतो, आतलं पान मेमरीतून जातं, परत क्लिक केलंस की नव्याने लोड होतं. अर्धवट भरलेला फॉर्म असेल तिथे हे करू नकोस, भरलेलं जाऊ शकतं. मेमरी फारच कमी पडली तर फायरफॉक्स हेच आपणहून करतो, पण तोवर विंडोज हार्ड डिस्कवर मेमरी उतरवायला लागलेलं असतं आणि मशीन अडखळत असतं.

कॅश, म्हणजे ब्राउझरने डिस्कवर साठवलेल्या पानांच्या प्रती, रोज साफ करायची सवय असेल तर ती मोड. ते ‘पीसी क्लीनर’ दर वेळी कॅश पुसून ‘इतके एमबी वाचवले’ म्हणून हिरवी टिक दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी ब्राउझरला तेच लोगो, त्याच स्क्रिप्ट, तेच फॉन्ट पुन्हा उतरवावे लागतात. एखादं पान विचित्र दिसत असेल तर कंट्रोल-एफ5 पुरतं. डिस्कसाठी करण्यासारखा एक बदल आहे: उघड्या टॅबांची नोंद फायरफॉक्स दर 15 सेकंदांनी डिस्कवर लिहितो. ‘ब्राउझर.सेशनस्टोअर.इंटरव्हल’ 15000 आहे ते 60000 कर. ब्राउझर कोसळला तर शेवटच्या एका मिनिटातले टॅब हरवू शकतात, इतकाच तोटा. फरक थोडाच पडेल, पण फिरत्या डिस्कवर पडतो.

व्हिडिओ अडखळतो म्हणालास. अबाउट:सपोर्ट हे फायरफॉक्सच्या माहितीचं पान तसंच अ‍ॅड्रेस बारमधून उघड, ग्राफिक्सच्या भागात कंपोझिटिंगची ओळ बघ. नुसतं ‘वेबरेंडर’ असेल तर ग्राफिक्स चिप काम करतेय. पुढे ‘सॉफ्टवेअर’ असं आलं तर चित्र रंगवायचं सगळं काम प्रोसेसरच्या डोक्यावर आहे. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट कर. ड्रायव्हर नवा असूनही पडद्यावर काळे पट्टे दिसत असतील तरच सेटिंग्ज, जनरल, परफॉर्मन्समध्ये जाऊन शिफारस केलेल्या सेटिंगची टिक काढ आणि हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन बंद करून बघ. व्हिडिओ आपोआप सुरू होणं प्रायव्हसीच्या भागात, ऑटोप्लेमध्ये, आवाज आणि चित्र दोन्हींसाठी बंद करता येतं. नोटिफिकेशनची विचारणा बंद करायची टिकही तिथेच आहे, ती आजच कर.

आता सोयीचं. अ‍ॅड्रेस बारमध्ये आधी टक्क्याचं चिन्ह, मग एक जागा सोडून शब्द टाकलास की फक्त उघड्या टॅबांतून शोध होतो. तारा म्हणजे चांदणीचं चिन्ह टाकलंस तर बुकमार्कमधून, टोपीसारखं वरचं टोकदार चिन्ह टाकलंस तर हिस्टरीतून. तुझ्यासारख्या तीस टॅबवाल्याने टक्क्याचं तेवढं आज शीक. तोच टॅब दुसऱ्यांदा उघडणं थांबेल. दुसरं, बुकमार्कला कीवर्ड दे. मराठी विकिपीडियावर कुठलाही शब्द शोध, निकालाच्या पत्त्यात तो शब्द जिथे असेल तिथे टक्क्याचं चिन्ह आणि लगेच रोमन लहान एस घाल, तो पत्ता बुकमार्क म्हणून जतन कर आणि कीवर्डच्या रकान्यात ‘वि’ लिही. मग अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘वि रायगड’ टाकलंस की थेट तिथे शोध होतो. शब्दकोश, रेल्वे, नकाशा, ज्यात रोज शोधतोस त्या सगळ्यांना असं एकेक अक्षर देता येतं.

लहान पडद्यावर जागा हवी असेल तर ‘ब्राउझर.कॉम्पॅक्टमोड.शो’ ट्रू कर, मग टूलबार सजवायच्या पानावर डेन्सिटीमध्ये कॉम्पॅक्ट येतं. टॅब उभे लावायची सोय 136 व्या आवृत्तीपासून सेटिंग्जमध्येच आहे. यूझरक्रोम नावाच्या फाइलने रूप बदलायच्या भानगडीत तू पडू नकोस. आतली रचना बदलली की ती मोडते आणि दर थोड्या आवृत्त्यांनी डागडुजी करत बसावं लागतं.

मराठी मजकूर बारीक दिसतो त्याचंही इथेच उरकू. सेटिंग्ज, जनरल, फॉन्टच्या शेजारचं अ‍ॅडव्हान्स्ड. वरच्या यादीतून देवनागरी निवड. सॅन्स-सेरिफला निर्मला यूआय ठेव, किंवा ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा मोफत फॉन्ट उतरवून तो लाव. किमान आकार 15 किंवा 16 कर; त्याच्या खाली वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं एकमेकांत घुसतात. मग त्याच यादीतून लॅटिन निवडून तिथेही किमान आकार दे. ही पायरी बहुतेक जण विसरतात. अनेक मराठी साइट आपल्या पानाची भाषा चुकून इंग्रजी म्हणून घोषित करतात, आणि अशा पानावर फायरफॉक्स देवनागरीचा नव्हे, लॅटिनचा किमान आकार लावतो. पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू द्यायची टिक मात्र काढू नकोस, काही साइटवर चिन्हांच्या जागी रिकामे चौकोन येतात.

काही बिघडलंच तर मेनूत हेल्पखाली ट्रबलशूट मोड आहे. त्यात एक्स्टेन्शनं बंद ठेवून फायरफॉक्स सुरू होतो. तिथे सगळं सुरळीत चाललं तर दोष बहुधा एखाद्या एक्स्टेन्शनचा. अर्धी चालू, अर्धी बंद असं करत शोध. अबाउट:कॉन्फिगमध्ये फक्त बदललेल्या नोंदी दाखवायची टिक आहे. तू पाठवलेल्या त्या यादीतून जे काही आधीच लावून ठेवलं असशील ते तिथे सापडेल. उजवीकडच्या बाणाने मूळ किंमत परत येते, आणि जिथे बाणाऐवजी कचऱ्याचा डबा दिसतो त्या नोंदीला मूळ किंमतच नसते. अशा काही नोंदी फायरफॉक्स स्वतःही करतो, तेव्हा त्या यादीतून तू घातलेल्या तेवढ्याच पुसून टाक. याने भागलं नाही तर अबाउट:सपोर्टवरचं रिफ्रेशचं बटण. बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी राहतात. एक्स्टेन्शनं आणि बदललेली सेटिंग्ज जातात.

एवढं करूनही मशीन सुरू होतानाच रखडत असेल तर ते ब्राउझरच्या हातात नाही. हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी टाक आणि रॅम आठ जीबी कर. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी एसएसडी. रॅम घेण्यापूर्वी तुझ्या मॉडेलला डीडीआर3एल लागते की डीडीआर4 ते बघ, आणि दुसरी खाच मोकळी आहे का तेही. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

आधी एक्स्टेन्शनं आणि पिन केलेले टॅब कर, दोन दिवस वापर, मग पुढचं. सगळं एकदम बदललंस तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. मग अबाउट:सपोर्टच्या वरच्या बटणाने सगळा मजकूर कॉपी करून मला पाठव. त्यात पासवर्ड किंवा हिस्टरी नसते, एक्स्टेन्शनं, ग्राफिक्स आणि बदललेल्या नोंदी असतात, आणि मला तेवढंच बघायचंय.

वहिनींना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुझा,
माधव