परड्यातल्या वर्कशॉपसाठी सामान घेताना

प्रिय मित्रा,

तुझा परवाचा मोठा मेसेज आणि त्या पोर्टा केबिनच्या (तयार पत्र्याच्या खोलीच्या) कोटेशनचा फोटो दोन्ही मिळालं. फोनवर बोललो असतो तर निम्मं राहून गेलं असतं म्हणून रात्री जेवणं आटपल्यावर लिहायला बसलोय. गुहागरला आईच्या घरामागे परड्यात तू सुतारकामाचं छोटं वर्कशॉप बांधतोयस हे वाचून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू, गेली दहा वर्षं तू नुसतं म्हणत होतास.

आधी एक सांगतो, ती पोर्टा केबिन घेऊ नकोस. एप्रिल-मेत दुपारी त्या डब्यात तुला रंधा मारवणार नाही, आणि आपल्या खाऱ्या हवेत खालच्या चॅनेलला एकदा गंज धरला की तो काढायला माणूस कुठून आणणार? मी माझं बांधलं तेव्हा एकच गोष्ट धरून चाललो, जे आपल्या गावातला गवंडी, सुतार नाहीतर वेल्डर दुरुस्त करू शकतो तेच घ्यायचं. आणि पैसे घालताना आधी छप्पर, मग जोतं, भिंती सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, भिंती झकास आणि वर मिळेल तो पत्रा.

हे मी असंच बोलत नाहीये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तू पुण्यात होतास, आम्ही इथे दापोलीत सगळे मधल्या खोलीत दार लावून बसलो होतो. मागच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे होते, एकेक फुटल्याचा आवाज येत होता. संध्याकाळी वारा पडल्यावर मागे गेलो तर पडवीला छप्परच नाही, आणि बाबांची हत्यारांची पेटी पाण्याने काठोकाठ भरलेली. घर सावरायच्या गडबडीत ती आठ-दहा दिवस तशीच राहिली रे. बाबांचा जॅक प्लेन, म्हणजे लोखंडी रंधा, उघडला तर पातं आणि वरची टोपी गंजाने एकजीव झालेली, रॉकेलमध्ये भिजवून भिजवून सोडवलं, पण पात्याच्या धारेपाशी जे खड्डे पडले ते काही गेले नाहीत. वर्कशॉप म्हणजे आधी हत्यारं कोरडी ठेवायची जागा, हे मला तेव्हा कळलं.

तर छप्पर. माझा जीव मंगलोरी कौलांवरच होता. आमच्या जुन्या घराच्या कौलांवर बासेल मिशनच्या मंगलोरच्या कौल कारखान्याचा छाप आहे, १८६५ हे त्या कारखान्याचं साल, बोट फिरवलं तर अक्षरं अजून लागतात. कौलाखाली उन्हाळ्यात गार वाटतं आणि एक फुटलं तर एकच बदलायचं. पण वानरांचं काय करणार सांग, आमच्याकडे टोळी आली की दहा-पंधरा कौलं जातातच, आणि ऐन पावसात ते गळकं पाणी टेबल सॉवर, म्हणजे करवतीच्या मशीनवर, पडलं तर संपलंच. म्हणून मन घट्ट करून मुख्य छपराला पत्रा घातला आणि जुनी कौलं पुढच्या छोट्या पडवीला वापरली, तिथे दोन फुटली तरी नुकसान नाही.

पत्रा घेताना मात्र सांभाळ. मी ०.५० एमएमचा रंगीत पत्रा सांगितला होता, एका दुकानदाराने ०.३५ चा पाठवला, रंग सारखाच, नुसत्या नजरेला कळत नाही. मी मायक्रोमीटर लावला म्हणून सापडलं, गाडी तशीच परत पाठवली. रंगाखाली ॲल्युमिनियम-झिंकचा थर असलेला घे, साध्या जीआयपेक्षा (नुसता झिंकचा मुलामा असलेल्या पत्र्यापेक्षा) खाऱ्या हवेत जास्त टिकतो. स्क्रू रबर वॉशरचे, आणि कडेच्या ओळीत नि कोपऱ्यात जवळ जवळ मार कारण वारा पत्रा उचलतो तो तिथूनच. खालचा सांगाडा जीआय पाइपचा केलास तर वेल्डिंगच्या जागी झिंक जळून जातं आणि गंज पहिला तिथेच येतो, त्यामुळे वेल्डर खाली उतरायच्या आत प्रत्येक जोडाला झिंकचा प्रायमर लावून घे, मी स्वतः डबा घेऊन शिडीवर उभा होतो. आणि हो, ती फणसाखालची जागा सोड. वरून फणस पडला तर कौल काय नि पत्रा काय, शिवाय पाला साचून पन्हळ तुंबते. पंधरा-वीस फूट बाजूला घे.

भिंतींना आपला जांभाच. एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटच्या सच्छिद्र विटा, हलके असतात, काम पटकन होतं, पण मला जड फळ्या नि क्लॅम्प भिंतीला टांगायचे होते आणि त्याला जांभ्याच्या चिऱ्यासारखी पकड नाही. चिरा मात्र फोनवरून मागवू नकोस, स्वतः खाणीवर जा. ताजा कापलेला चिरा ओला आणि मऊ असतो, नखाने ओरखडा काढता येतो, मग हवेवर राहून राहून तो कडक होतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच आणून रचून ठेव. हातोडीने ठोकून बघ, टणक वाजला तर घे, बद्द वाजला तर बाजूला. ज्याच्यात पांढरट-पिवळ्या मऊ मातीचे कप्पे दिसतील तो अजिबात नको, पहिल्याच पावसात ती माती वाहून जाते आणि दगडाला भोकं पडतात. बाकी बाजूंना नुसत्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरल्यास तरी चालेल, दगड किती सुंदर दिसतो, पण नैर्ऋत्येकडच्या भिंतीला बाहेरून प्लास्टर कर. पावसाची झड तिकडूनच येते आणि चिरा पाणी पितो. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तेव्हा पाखं भिंतीच्या बाहेर अडीच फूट तरी काढ आणि त्या भिंतीत खिडकी ठेवू नकोस.

जोतं दीड फूट उचल, आत साधा कोबा पुरे.

लाकडाचं तुला मी काय सांगणार, पण वाळवीचं सांगतोच. माझ्या दाराची पहिली चौकट आकेशियाची होती, स्वस्तात मिळाली म्हणून. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कोपऱ्यात मातीची बारीक रेघ दिसली, नखाने खरवडली तर आत पांढऱ्या वाळव्या वळवळतायत, आणि चौकटीत बोट दाबलं तर सरळ आत गेलं. नवीन चौकट ऐनाच्या लाकडाची केली, पाय जमिनीत न पुरता चिऱ्याच्या उंबऱ्यावर टेकवले, आणि काजूच्या सालीचं तेल दोन हात लावलं. ते तेल अंगाला लागलं तर कातडी भाजते, हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नकोस. जोत्याच्या मातीत वाळवीचं औषध मारायचं तर बांधायच्या आधीच, पण तुझी विहीर जवळ आहे, त्या बाजूला नकोच. तिकडे चौकट-फळी जमिनीपासून वर ठेव आणि महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन कोपरे बघ.

आणि तुझ्या गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे काढशील तेव्हा ते कापू किंवा फोडू नकोस, त्यात ॲस्बेस्टॉस असतं, धूळ फुप्फुसात जाते. ओले करून, तोंडाला चांगला मास्क लावून, अख्खेच उतरव. मुलांना त्या दिवशी घरात ठेव.

दिवाळी झाली की कळव, मी दोन दिवस काढून येतो, आखणी आपण दोघं करू. लेव्हलची नळी आणि ओळंबा माझ्याकडे आहे, तू फक्त चुना नि सुतळी आणून ठेव. खाणीवर पण बरोबरच जाऊ. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
दापोलीवाला