लष्करी ट्रकला केवळ रंग नको, देखभाल हवी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावी एका चौथऱ्यावर लष्करातून निवृत्त झालेला शक्तिमान ट्रक उभा आहे. दरवर्षी 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या आधी त्याला हिरव्या रंगाचा एक हात दिला जातो, समोरच्या जाळीला हार घातला जातो आणि शाळेची मुले त्याच्यापुढे उभी राहून छायाचित्रे काढतात. गेल्या महिन्यात मी त्या ट्रकखाली शिरून चेसिसच्या आडव्या पट्टीवर पेचकस टेकवला, तर तो रंगाचा पापुद्रा फोडून सरळ आत गेला. लष्कराची वाहने व यंत्रे दुरुस्त करणाऱ्या ई.एम.ई. दलात वाहन यांत्रिक म्हणून माझी उमेदीची वर्षे याच जातीच्या गाड्यांखाली पाठीवर पडून गेली, त्यामुळे हे पाहून फार वाईट वाटले आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

जर्मनीच्या मान कंपनीच्या आराखड्यावरून शक्तिमान 1959 पासून जबलपूरला तयार होऊ लागला आणि 1996 पर्यंत तयार होत राहिला. त्याच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या माथ्यावर गोल खळगा असतो. इंधन त्या खळग्याच्या भिंतीवर पसरते आणि तेथून वाफ होत जळते, म्हणून त्या काळच्या इतर डिझेल इंजिनांपेक्षा त्याचा ठोका मऊ असे आणि प्रसंगी डिझेलखेरीज दुसरे इंधनही त्याला चालत असे. चारही चाकांना जोर मिळत असल्याने लिलावात विकलेल्या अशा गाड्यांना आपल्याकडे चिऱ्याच्या खाणीत मोठा मान होता. भर पावसात जांभ्याचा लाल चिखल तुडवत चिरे भरलेला हौदा वर ओढून आणणारा ट्रक मी लहानपणी पाहिला, तेव्हाच या यंत्राची ओढ लागली.

कोकणातला गंज मात्र घाटावरच्या गंजासारखा नसतो, हे आपण लक्षात घेत नाही. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ पत्र्यावर बसते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि पत्रा रात्रभर दमट ठेवते. ट्रकचा वरचा भाग पावसाने धुऊन निघतो, परंतु चेसिसची आतली बाजू, चाकावरच्या कमानी, बॅटरीच्या पेटीचा तळ आणि हौद्याच्या फळ्यांखालचे लोखंड यांना पावसाचे पाणी धड धूत नाही आणि ऊनही वाळवत नाही. म्हणूनच चौथऱ्यावरची गाडी समोरून लखलखीत दिसते आणि खालून मरत असते. दोन पत्रे एकावर एक रिव्हेट केलेले असतात तेथे तर आत साचलेला गंज फुगून जाड पत्रासुद्धा वाकवतो, आणि अशा ठिकाणी वरून कितीही रंग दिला तरी तो ओल आत कोंडण्याचेच काम करतो.

वास्तविक यावरचे शहाणपण आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहे. पावसाच्या तोंडावर मच्छीमार होडी ओढून वर घेतात, तळ खरवडतात, तेल पाजतात आणि झापांनी शाकारून ठेवतात. ट्रकलाही नेमके हेच हवे असते. पाऊस संपल्यावर आणि पुन्हा उन्हाळ्याच्या अखेरीस तो खालून गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावा, गंज निखळ धातू लागेपर्यंत घासावा, त्याच दिवशी जस्तयुक्त प्रायमर द्यावा आणि ब्रश पोहोचत नाही अशा पोकळ्यांत मेणयुक्त तेल फवारावे. वर पत्र्याचे छप्पर असावे, पण चारही बाजूंनी वारा खेळता हवा. प्लास्टिकचा कागद आवळून बांधणे हे उघड्यावर ठेवण्यापेक्षाही वाईट आहे, कारण आतली वाफ बाहेर पडत नाही. अ‍ॅक्सल घोड्यांवर, म्हणजे लोखंडी आधारांवर, टेकवून टायरवरचा भार काढला नाही, तर वर्षानुवर्षे एकाच जागी दबून टायर तळाशी चपटे होतात. रंगही मूळचा, चमक नसलेला असावा. मूळ माहिती कोरलेल्या धातूच्या पट्ट्यांवर तर रंग फासूच नये, कारण त्यांवरचे आकडे हीच त्या गाडीची जन्मपत्रिका असते.

हौसेने काम करणाऱ्या तरुणांना दोन गोष्टी कळकळीने सांगाव्याशा वाटतात. पुष्कळ जुन्या लष्करी गाड्यांची चाके दोन भागांची, नटबोल्टने जोडलेली असतात. हवा भरलेली असताना ते नट सैल केले तर रिंग उडून माणूस जागच्या जागी ठार होऊ शकतो, म्हणून आधी व्हॉल्वची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्यावी आणि मगच पाना लावावा. दुसरे असे की, जुन्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच काम करावे. ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ती ओल्या फडक्याने पुसावी आणि नाकातोंडावर योग्य मुखपट्टी असावी.

चालू स्थितीतल्या गाड्यांबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. महिन्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करणे हिताचे नसते. इंजिन पुरते तापत नाही, आत धरलेले पाणी तेलात उतरते आणि बेअरिंग खराब होतात. गाडी काही किलोमीटर रस्त्यावर चालली, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलमधील तेल गरम झाले, तरच त्या फेरीचा उपयोग होतो.

परंतु रस्त्यावर आणायची म्हणजे नोंदणी आली. पन्नास वर्षांहून जुन्या, म्हणजे विंटेज, वाहनांच्या नोंदणीसाठी केंद्राने 2021 मध्ये केलेले नियम स्वागतार्ह असले, तरी ते दुचाकी आणि प्रवासी चारचाकी वाहनांपुरते आहेत, त्यात मालवाहू ट्रकला जागा नाही. शिवाय ही पन्नास वर्षे मोजायची ती पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. लष्करी वाहन सेवेत असताना परिवहन कार्यालयात नोंदलेले नसते, त्याला बाणाच्या खुणेने सुरू होणारा लष्कराचा स्वतःचा क्रमांक असतो. त्यामुळे 1970 साली सैन्यात आलेली आणि 1995 मध्ये लिलावात निघून नोंदलेली जोंगा, म्हणजे लष्कराची जीपसारखी गाडी, कागदोपत्री 2045 पर्यंत नवीनच राहणार. वास्तविक बाणापुढचे दोन आकडे सैन्यातल्या तिच्या प्रवेशाचे वर्ष सांगतात. हेच वर्ष पुरावा म्हणून ग्राह्य धरावे आणि ट्रकलाही या नियमांत घ्यावे, यासाठी किनारपट्टीच्या लोकप्रतिनिधींनी पाठपुरावा करावा, अशी माझी विनंती आहे.

तोपर्यंत आमच्या चौथऱ्यावरच्या ट्रकसाठी पुढच्या रंगाचे पैसे छपराला आणि प्रायमरला वापरावेत. आडवी पट्टी कापून नवी जोडावी लागेल, पण मुख्य चेसिस ठोकून पाहिली आहे, ती अजून दमदार आहे. मृग नक्षत्राला अजून सात आठवडे आहेत आणि खालचे काम तीन आठवड्यांत उरकते. हत्यारे माझ्याकडे आहेत, हाताखाली दोन मुले तयार आहेत. संबंधितांनी परवानगी द्यावी आणि चौथऱ्यापाशी वीज व गोड्या पाण्याचा नळ यांची सोय करावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लष्करी वाहन यांत्रिक
दापोली, जि. रत्नागिरी