सही कितव्या नंबरला केलीस?

मनू बेटा,

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आलीस आणि दोन दिवसांत भांडून गेलीस, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय. फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, तुझी मम्मी म्हणते इंजिनाचा हॉर्न अजून गळ्यातच आहे, म्हणून टाईप करतोय.

शेताचं बोललो ते चुकलंच. यावलचं शेत मी माझ्या मर्जीनं विकलं, आणि चाळीसगावच्या मामासमोर तर ते काढायलाच नको होतं.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नको. चार वर्षं एटीआरचं छोटं विमान उडवलंस, पहाटे तीनला उठून, आणि आता बाहेरून तयार कॅप्टन आणून सिनियॉरिटीच्या यादीत तुमच्या वर बसवतात, तू 41 वरून 63 वर. मी असिस्टंट ड्रायव्हरचा मालगाडीवर आलो, मालगाडीवरून पॅसेंजरवर, मेल हातात आली तेव्हा मिशी पांढरी झाली होती. एक नंबर खाली सरकला की किती वर्षं जातात हे मला कोण सांगणार. त्यात तुझा बॉण्ड, आणि सोडते म्हटलं तरी 2017 च्या नियमानं को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस, कमांडरला वर्षाची. तुझा राग बरोबर आहे.

पण तुम्ही पायलटांनी मिळून कंपनीला द्यायचं ठरवलेल्या त्या पत्रावर तुझी सही कितव्या नंबरला आहे हे तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

एअर इंडियाचं 2012 चं आठवून बघ, तू कॉलेजला होतीस. दोन कंपन्या 2007 ला एक केल्या, सिनियॉरिटीचा गुंता तसाच राहिला, मग ड्रीमलायनर विमानाचं ट्रेनिंग कोणाला यावरून 58 दिवस संप चालला. कोर्टानं बेकायदेशीर म्हटलं, शंभरावर पायलट काढले. ती तर सरकारी कंपनी होती, मोठी विमानं होती. तुमच्या छोट्या रिजनल कंपनीचं काय, सरकारच्या उडान योजनेची सबसिडी रूटला तीन वर्षं, ती संपली की रूट राहील का जाईल कोणी सांगावं. जळगावला 2017 च्या डिसेंबरात 19 सीटचं विमान आलं तेव्हा आपण पेढे वाटले होते, ते किती दिवस टिकलं? म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी आजारी पडायचं वगैरे ठरत असेल तर... जाऊ दे. परत लेक्चर झालं, सॉरी. विमान तू चालवतेस, मी नाही.

तुझ्या आजोबांचं तुला अर्धंच माहीत आहे. मे 1974 चा रेल्वेचा संप, मी अकरा वर्षांचा. भुसावळला लोको शेडच्या संपकऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव पहिलं, कारण अक्षर चांगलं म्हणून यादी त्यांनीच लिहिली आणि लिहिणाऱ्यानं आधी स्वतःचं नाव टाकलं, एवढंच. रात्री पोलीस पहिले आपल्या क्वार्टरला आले. आजोबा मागच्या दारानं तापीकडं गेले आणि पोलिसांनी त्यांचा लाईन बॉक्स, ड्युटीवर न्यायची पेटी, अंगणात उपडा केला, डबा, झेंड्या, धोतर सगळं. संप 27 मेला मिटला. त्यानंतर आजी कित्येक वर्षं रात्री दार वाजलं की उठून बसायची, मग तो ड्युटीला बोलवायला आलेला कॉल बॉय का असेना.

आणि तीच आजी आता दुपारी विमानाचा आवाज आला की गच्चीवर जाते, गुडघे दुखत असताना. कोणतंही विमान असो, तिला तूच वाटतेस. शेजारच्या काकूला सांगते, मन्ही नात शे. मी तिला सांगत नाही की ते दुसऱ्या कंपनीचं आहे. मीही वर जातो खरं म्हणजे.

अक्षर तुझंही चांगलं आहे म्हणून विचारतोय. पत्र तूच लिहिलंस ना?

सही करू नको असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी ऐकशील थोडी. फक्त एक कर. आमच्या लॉबीत, ड्युटीची हजेरी लावायच्या ऑफिसात, एकदा ड्युटीच्या तासांवरून अर्ज द्यायचा होता, कोणी पहिली सही करेना. तेव्हा एका गार्डनं कागदावर वाटी उपडी ठेवून पेन्सिलीनं गोल काढला आणि आम्ही सगळ्यांनी त्या गोलाभोवती सह्या केल्या. साहेब कागद फिरवत बसला, पहिला कोण ते काही कळेना. पत्र अजून दिलं नसेल तर तसं करा. दिलं असेल तर मला फोन कर, कितीही रात्र झाली तरी.

मम्मीनं बिबड्या कुरिअर केल्यात, मंगळवारपर्यंत पोचतील.

तुझे पप्पा