मूर्तीच्या पाठीमागे जाऊन बघ

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाचा बेत मंगळवारचा केला असशील तर बदल, त्या दिवशी ते बंद असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट, पण ती गर्दी पाहता तिकिटाचे पैसे मोजलेले परवडतात. मेट्रोच्या एक नंबर लाइनवर ‘म्युझेओ’ नावाचंच स्टेशन आहे. काही दालनं आळीपाळीने बंद ठेवतात. म्हणून तिकीट काढण्याआधी खिडकीवर विचार, ‘गाबिनेत्तो सेग्रेतो’, म्हणजे शृंगारिक वस्तूंचं ‘गुप्त दालन’, आज उघडं आहे का, आणि हस्तिदंती भारतीय मूर्ती जागेवर आहे की प्रदर्शनासाठी बाहेर गेलीय?

सुरुवात तळमजल्यावर कर, फार्नेझे घराण्याच्या संगमरवरी पुतळ्यांपासून. हर्क्युलिस तीन मीटरहून उंच. समोरून तो सोट्यावर रेललेला, थकलेला दिसतो आणि बहुतेक लोक तिथूनच फोटो काढून पुढे सरकतात. तू मागे जा. पाठीशी धरलेल्या उजव्या हातात अवघड कामगिरी पार पाडून आणलेली सफरचंदं आहेत, त्याच्या थकव्याचं कारण तिथं कळतं. मूळ ग्रीक पुतळा ब्राँझचा होता. ब्राँझ आतून पोकळ आणि चिवट, पायांवर नुसतं उभं राहतं. संगमरवर मात्र घोट्याशी तडकतो, म्हणून रोमन कारागीर नक्कल करताना पायाला झाडाचा बुंधा नाहीतर खडक जोडून देत. नाक, बोटं, कोपर इथे सांध्याची बारीक रेघ शोध. दगडाचा रंग किंचित बदललेला दिसला तर तो भाग बहुधा नंतर बसवलेला.

लेबलवर शतकाचा आकडा रोमन असतो. त्यापुढे ‘ए’ आणि ‘सी’ ही अक्षरं असतील तर इसवी सनापूर्वीचं, ‘डी’ आणि ‘सी’ असतील तर नंतरचं. इथं घाईत हमखास घोटाळा होतो.

आता ती हस्तिदंती भारतीय मूर्ती. जेमतेम 25 सेंटिमीटर, त्यामुळे नजरेतून सहज निसटते. 1938 मध्ये नेपल्सजवळच्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरात सापडली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आता अभ्यासकांचा कल यक्षी म्हणण्याकडे आहे. दोन्ही बाजूंना छोट्या दासी, अंगावर दागिनेच दागिने. हिच्याही मागे जा, पाठीवर रुळणारी वेणी बघ. डोक्यावरून खाली भोक पाडलेलं आहे. म्हणजे ही पूजेची मूर्ती नसावी, आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असावा. तळाशी खरोष्ठी, म्हणजे भारताच्या वायव्येकडच्या जुन्या लिपीतलं, अक्षर आहे, त्यामुळे तिकडचा संबंध सांगतात. पण हिच्याशी फार जवळची हस्तिदंती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या उत्खननात मिळाली, हे विसरू नकोस. शिवाय व्हेसुव्हियस ज्वालामुखीने पाँपेई गाडलं ते इ.स. 79 मध्ये, म्हणजे ही त्याआधीचीच. आपल्याकडच्या हस्तिदंती कामाला इतकी पक्की तारीख क्वचितच मिळते.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेव. मोबाइल काचेच्या अगदी जवळ धर आणि थोडा तिरका कर, नाहीतर मूर्तीऐवजी तुझाच चेहरा येईल. मोठी सॅक सामानघरात द्यावी लागते, पाण्याची बाटली आधी काढून घे.

दिवाळीत आलीस की कोल्हापूरला टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊ. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला ब्राँझचा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, तिथं आहे, तो रोमन जगातून इकडे आलेला. त्याचीही पाठ बघू.

तुझे,
बाबा